विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर, धम्मालय, आळते: एका मोटर भरणाऱ्याचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. लोक रिव्ह्यू शेवटपर्यंत वाचत नाहीत म्हणून रेटिंग आधीच सांगून टाकलं. ज्यांना टाइम आहे त्यांनी पुढं वाचा, जरा लांबणार आहे.

माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे शाहूपुरीच्या खालच्या अंगाला, व्हीनस कॉर्नरपासून फार लांब नाही, म्हणजे कोल्हापूरवाल्यांना पुढचं सांगायला नकोच. २०१९ ला पंचगंगेच्या पुराचं पाणी आलं आणि २०२१ ला परत आलं. दोन्ही वेळेला शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवे बंद, शहराचं बेट झालेलं, आणि माझ्या दुकानात तांब्याच्या तारेची बंडलं, वार्निशचे डबे, लोकांनी भरायला टाकलेल्या मोटरी असं सगळं पाण्याखाली. आता गंमत बघा, पूर ओसरला की आमच्या धंद्याला सीझन येतो, कारण नदीकाठचे पंप बुडालेले असतात आणि शिरोळ-करवीरचे शेतकरी ट्रॉलीत मोटरी टाकून दारात हजर. त्यामुळं पैशाचं नुकसान कसंबसं भरून निघालं. डोक्याचं काय निघालं नाही.

डोक्याचं म्हणजे असं की जून सरला की माझी झोप उडायची. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाज्यांपैकी एक उघडला की व्हॉट्सअॅपवर मेसेज, लगेच पोटात गोळा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रात्री दोनला उठून बघायची. इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट, हे आकडे मला पोरांच्या वाढदिवसापेक्षा पाठ. अलमट्टीतनं विसर्ग किती चाललाय, कोयनेचं काय, हवामान खात्याचा अलर्ट यलो का ऑरेंज. आणि हे फक्त पावसाळ्यात असतं तरी चाललं असतं पण नंतर नंतर काहीही बघितलं तरी तेच व्हायला लागलं, कुठं युद्ध सुरू झालं, कुठं पूल पडला, कुणाच्या तरी पोराची पुण्यातली नोकरी गेली, छातीत धडधड सेम. आमच्या भाषेत सांगायचं तर स्टार्टरमधली ओव्हरलोड रिले, म्हणजे मोटरनं जास्त करंट ओढला की ती बंद पाडणारा पार्ट, कमी अँपिअरवर सेट झाली की मोटरनं जरा लोड घेतला तरी ट्रिप मारते, मोटर चांगली असते, वायरिंग चांगलं असतं, पण रिले टिकूच देत नाही. माझं तसं झालं होतं.

उपाय करून बघितले नाहीत असं नाही. मोबाईलवर मेडिटेशनचं अॅप घेतलं, त्यातला माणूस इंग्रजीत समुद्राच्या लाटांचा आवाज लावून रिलॅक्स व्हा म्हणतोय, इथं पाण्याच्या आवाजानंच घाम फुटतोय त्याला काय सांगणार. एका हॉटेलच्या हॉलमध्ये वीकेंडचं स्ट्रेस वर्कशॉप केलं, नाव घेत नाही, फी घसघशीत, टाळ्या वाजवायला लावल्या, एकमेकांना मिठ्या मारायला लावल्या आणि जाताना पुढच्या लेव्हलचा फॉर्म हातात. रंकाळ्यावर सकाळी फिरायला जा म्हणाले, गेलो, तिथं पण पाण्याकडं बघून पातळीच डोक्यात. अंबाबाईच्या देवळात मात्र बरं वाटायचं, ते खोटं बोलणार नाही, पण महाद्वारातनं बाहेर आलं की परत जैसे थे.

शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, जावा एकदाचं त्या आळत्याला. दहा दिवस तुमचा मोबाईल बंद राहिला तर निदान आम्हाला तरी शांती मिळंल." तिच्या माहेरचं कुणीतरी जाऊन आलेलं. मी ऑनलाइन फॉर्म भरला, उन्हाळ्यातली तारीख मिळाली, सीझनच्या आधीची.

आता जागेबद्दल. धम्मालय हे हातकणंगले तालुक्यात आळत्याला, रामलिंग रोडवर. डोंगराचा पट्टा आहे तो, तिकडं रामलिंगचं गुहेतलं देऊळ, पुढं कुंभोजजवळ बाहुबलीची २८ फुटी मूर्ती, आणि याच तालुक्यात माणगाव, जिथं मार्च १९२० मध्ये अस्पृश्य समाजाची परिषद झाली आणि शाहू महाराजांनी तिथं बाबासाहेबांना हाच तुमचा पुढारी म्हणून लोकांसमोर उभं केलं. एकाच तालुक्यात एवढं सगळं आणि आपण हातकणंगले म्हटलं की रेल्वे स्टेशन आणि इचलकरंजीचा फाटा एवढंच ओळखतो.

पैशाचं आधी सांगतो, कारण पहिला प्रश्न तोच येतो. फी नाही. राहणं, जेवण, शिकवणं, कशाचेच पैसे नाहीत. दान घेतात, पण ज्यानं निदान एक शिबिर पूर्ण केलंय त्याच्याकडनंच घेतात, म्हणजे नवीन माणूस आधी द्यायला गेला तरी घेत नाहीत. मी कोल्हापूरचा, फुकट म्हटलं की आधी डाऊट. दहा दिवस वाट बघत होतो की आता कुणीतरी माळ विकायला येईल, आता मेंबरशिप येईल. काही नाही. शेवटच्या दिवशी एक टेबल, पावती पुस्तक, द्यायचं तर द्या नाहीतर जावा. कुणी किती दिलं ते जाहीर पण करत नाहीत. जेवण करणारे, वाढणारे, घंटा वाजवणारे सगळे आधी शिबिर केलेले लोक, तेही फुकटच सेवा देतात.

नियम मात्र कडक. मोबाईल पहिल्या दिवशी जमा. पुस्तक नाही, वही-पेन नाही, जपमाळ-पूजा असलं काही असेल तर तेवढ्यापुरतं बाजूला. बाई आणि पुरुष वेगळे. पाच शीलं पाळायची, त्यात हिंसा नाही, चोरी नाही, खोटं नाही, नशा नाही, ब्रह्मचर्य. मटण नाही हे वेगळं सांगायला नको, दहा दिवस तांबडा-पांढऱ्याचा वास पण नाही. आणि आर्य मौन, म्हणजे नुसतं बोलायचं नाही असं नाही तर खुणा करायच्या नाहीत, नजरेला नजर द्यायची नाही. आमच्या पेठेतल्या माणसाला मटण सोडणं एकवेळ जमंल, पण समोरच्याला "काय भावा" न म्हणता दारातनं पुढं जायचं म्हणजे अवघड काम आहे. अडचण आली तर सेवकांशी बोलता येतं आणि साधनेबद्दल आचार्यांना विचारता येतं, तेवढीच सूट.

टाइमटेबल असं: पहाटे चारला घंटा. साडेचार ते साडेसहा बसायचं. मग नाष्टा. सकाळी आठ ते नऊ, दुपारी अडीच ते साडेतीन आणि संध्याकाळी सहा ते सात सगळ्यांनी हॉलमध्ये एकत्र, अधल्यामधल्या वेळात पण बसायचंच, अकराला जेवण. पाचला नवीन लोकांना चहा आणि फळ, आमच्याकडं जोडीला चुरमुरे असायचे, जुन्या साधकांना तेही नाही, नुसतं लिंबू पाणी. सातला गोयंका गुरुजींचं, म्हणजे ज्यांच्या पद्धतीनं ही शिबिरं चालतात त्यांचं, रेकॉर्डिंगवर प्रवचन, साडेनऊला लाईट बंद. बेरीज केली तर दिवसाला दहा तासाच्या वर बसणं होतंय. कुणी म्हणत असेल की शिबिर म्हणजे आराम, तर त्याला माझ्याकडं पाठवा.

पहिले तीन दिवस नुसता श्वास. मोजायचा नाही, लांबवायचा नाही, मंत्र जोडायचा नाही, नाकाच्या खाली आणि वरच्या ओठाच्या वर जेवढी जागा आहे तेवढ्यात येतोय कसा जातोय कसा ते बघायचं. ऐकायला सोपं. माझं मन पाच-सात श्वासांत दुकानात, कुणाची पाच एचपीची मोटर द्यायची राहिली, कुणाकडं उधारी किती, बारावीतल्या मास्तरला मी तेव्हा काय उत्तर द्यायला पाहिजे होतं, असलं काय काय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पळून जायचा पक्का विचार होता, बॅग पण डोळ्यासमोर आली. चौथ्या दिवशी दुपारी खरी विपश्यना देतात, म्हणजे डोक्यापासनं पायापर्यंत एकेक भाग बघत जायचं, जे जाणवतंय ते जाणवू द्यायचं, दुखतंय तर दुखतंय, मुंग्या येतायत तर येतायत, आवडलं म्हणून धरायचं नाही, नकोसं झालं म्हणून ढकलायचं नाही. आणि मग येतं अधिष्ठान. रोज तीन वेळा एक-एक तास, हात हलवायचा नाही, पाय हलवायचा नाही, डोळे उघडायचे नाहीत. पाळला नाही तर कुणी छडी मारत नाही, आपलं आपल्याशी.

असंच एका दुपारी अधिष्ठानाला बसलेलो आणि वळीव आला. आधी वाऱ्यानं कुठलं तरी दार आपटलं, मग मातीचा वास, मग छपरावर जो दणका सुरू झाला तो वाढतच गेला. माझं अंग लगेच कामाला लागलं. तळहात ओले, गार. जीभ कोरडी. छातीत डाव्या बाजूला धडधड, ती वर गळ्यापर्यंत, पोटात बेंबीच्या वर पिळ बसल्यासारखं. एरवी अशा वेळी मी मोबाईल काढतो, पातळी बघतो, कुणाला तरी फोन करतो, बायकोवर ओरडतो, काहीतरी करतोच. इथं करायला काहीच नव्हतं. मोबाईल ऑफिसात, पाय मुडपलेले, डोळे बंद. म्हणून नाइलाजानं बघत बसलो. धडधड गळ्यात आली, तिथं राहिली, काही वेळानं खाली उतरली, परत आली, पण आधीएवढी नाही. तळहात कोरडे झाले. पिळ सैल पडला. आणि पाऊस चालूच होता, जोर तसूभर कमी झाला नव्हता.

माझ्यासाठी दहा दिवसांची सगळी वसुली त्या एका तासात झाली. मला इतकी वर्षं वाटायचं पाऊस थांबल्याशिवाय भीती थांबणार नाही. थांबली की. तिचा तिचा टाइम असतो, आपण तिच्या मागं पळालो नाही तर ती येती, चढती, उतरती. गुरुजी प्रवचनात अनित्य अनित्य म्हणून रोज सांगतात ते तोपर्यंत मला देवळातल्या कीर्तनासारखं कानाला बरं वाटायचं एवढंच.

प्रवचनांबद्दल माझं मत मिक्स आहे. गोयंका मूळचे ब्रह्मदेशात, मंडालेला जन्मलेले व्यापारी माणूस, जन्म १९२४ चा. डोकेदुखी इतकी भयंकर की मॉर्फिनची इंजेक्शनं चालू, परदेशात डॉक्टर करून झाले, काही उपयोग नाही. शेवटी १९५५ ला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडं गेले, आणि हे ऊ बा खिन म्हणजे जंगलातले साधू वगैरे नाहीत, ब्रह्मदेश सरकारचे अकाउंटंट जनरल, संसारी माणूस. नुसती डोकेदुखी घालवायला येत असाल तर येऊ नका म्हणून त्यांनी आधी परतच पाठवलेलं. १९६९ ला गोयंका भारतात आले, मुंबईत पहिलं शिबिर घेतलं, १९७६ ला इगतपुरीचं केंद्र उभं राहिलं, १९९४ ला तर तिहार जेलमध्ये हजारावर कैद्यांचं शिबिर एकदम झालं. माणूस गोष्ट मस्त रंगवून सांगतो, मिश्किल आहे, मारवाडी व्यापाऱ्याचे किस्से ऐकून हॉलमध्ये लोक मौनातसुद्धा फिसकन हसायचे. पण मागच्या जन्माचे संस्कार वगैरे सुरू झालं की माझी गाडी तिथं थांबती. आमचीच पद्धत शुद्ध, दुसरं काही मिसळू नका हे पण जरा जास्त वेळा येतं. आणि पहाटेचं पालीतलं पठण, लांबलचक, खर्जातला आवाज, काही जणांना त्यानं भरून येत होतं, मला झोप येत होती. मला जे पटलं ते मी घेतलं, बाकी ताटात ठेवलं. ते स्वतः पण असंच सांगतात, अनुभवाला उतरलं तर घ्या म्हणून.

जेवण साधं, तिखट कमी. कोल्हापूरकराला पहिले दोन दिवस आजारी पडल्यासारखं वाटणार. नंतर सवय होते, आमटीतल्या जिऱ्याची चव लागायला लागते. झोपायला खोली साधी, शेजारचा घोरला तर कानात कापूस घाला, तक्रार करायला तोंड उघडायचं नाही.

दहाव्या दिवशी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं होऊ दे अशी भावना करायला शिकवतात आणि मौन सुटतं. काय आवाज म्हणता तुम्ही! पावणेदहापर्यंत स्मशानशांतता आणि अर्ध्या तासात मार्केट यार्ड. मी ज्याच्याबद्दल दहा दिवस मनात ठरवून बसलो होतो की हा माणूस घमेंडखोर आहे, तो हुपरीचा चांदीकामगार निघाला, पैंजणाची घुंगरं जोडणारा, आणि तो माझ्याकडं बघत नव्हता कारण नियमच तसा होता, मी विसरलोच. त्याचं वेगळंच दुखणं, चांदीचा दर चढला की ऑर्डर बंद, पडला की घेतलेल्या मालात लॉस, त्यामुळं दोन्हीकडनं धाकधूक. एक इचलकरंजीचा यंत्रमागवाला, एक रिटायर्ड पोलीस. सगळ्यांची भीती वेगवेगळ्या नावाची आणि बसलेली मात्र जवळपास त्याच जागी, छाती नाहीतर पोट. रिटायर्ड पोलीस म्हणाले, "बंदोबस्ताला तीस वर्षं छाती पुढं काढून उभा राहिलो, आतनं काय होत होतं ते आत्ता कळलं."

आता खरा प्रश्न, नंतर काय? २०२४ च्या जुलैत पंचगंगेनं धोका पातळी ओलांडली. मी शांत होतो असं लिहिलं तर खोटं होईल. भीती वाटलीच. फरक एवढाच की पूर्वी मी पातळी रिफ्रेश करत बसायचो आणि सामान हलवायला उशीर व्हायचा, या वेळी धडधड चालू ठेवून हात चालू राहिले. ४० फूट व्हायच्या आधी तार माळ्यावर, गिऱ्हाइकांच्या मोटरींना नावाचे पत्रे बांधून टेम्पोत, शेजारच्या आजींचं गॅस सिलिंडर आणि कागदपत्रांची पेटी वरच्या मजल्यावर. आजी म्हणाल्या, "लेकरा, आज ओरडलास नाहीस." दुकानात पाणी आलं नाही त्या वर्षी, पण आलं असतं तरी काम झालेलं होतं.

अजून एक झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पूररेषेत भराव पडतोय हे आमच्या भागात सगळे बघतात आणि सगळे गप्प बसतात, मी पण गप्प. गल्लीनं निवेदन द्यायचं ठरवलं तेव्हा बोलायला कोण उभं राहणार म्हटल्यावर मी राहिलो. आवाज कापत होता, कागद हलत होता, तळहात ओले, सगळं ओळखीचं. बोललो तरी. निवेदनाचं पुढं काय व्हायचं ते होईल. हे मुद्दाम सांगतोय कारण विपश्यनेवर एक आरोप असतो की डोळे मिटून बसायला शिकवतात आणि माणूस थंड पडतो. असे लोक मी पण बघितलेत, कशावरही अनित्य म्हणून हसतात. घरात पाणी आलेल्या माणसाला जाऊन अनित्य म्हणून बघा, चप्पल फेकून मारंल आणि बरोबर करंल. ज्या तालुक्यात माणगाव आहे तिथनं शांती घेऊन यायची आणि अन्यायापुढं गप्प बसायचं, हे काय पटत नाही.

एक स्टार कापला तो मुख्य म्हणजे नंतरच्या होमवर्कसाठी. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास रोज बसा म्हणतात. दुकान, पोरं, आईचा दवाखाना हे सगळं बघून दोन तास कुठनं आणायचे? माझं सकाळचं होतं, संध्याकाळचं होत नाही, आणि चार-पाच दिवस खंड पडला की रिले परत हळवी व्हायला लागते, ते अंगाला कळतं. म्हणजे एकदा भरून आणली की झालं असलं हे काम नाही. उरलेला अर्धा राग गुडघ्यांचा. गुडघ्यांचा त्रास असेल तर आधीच सांगा, खुर्ची मिळते, खुर्चीवर बसणाऱ्याला तिथं कुणी कमी समजत नाही.

आणि हे सिरियसली घ्या: ज्यांना मोठं डिप्रेशन आहे, भास होतात, मानसिक आजाराच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी कुणाचं ऐकून थेट जाऊ नये. फॉर्ममध्ये ते विचारतात, लपवू नका, डॉक्टरांना विचारा, ते नको म्हणाले तर नको. दहा दिवस गप्प बसून स्वतःच्या आत बघणं हे प्रत्येक वेळी प्रत्येकाला झेपत नाही. रात्री-अपरात्री जीव घाबरा झाला आणि बोलायला कुणी नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. त्यात लाज कसली.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. फॉर्म लवकर भरा, सुट्टीच्या सीझनला जागा पटापट भरतात. सरकारी नोकरीवाल्यांनी ऑफिसात विचारा, राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना विपश्यनेसाठी रजेची सोय आहे. ढगळे कपडे, चादर, टॉर्च, छत्री, आणि गजराचं साधं घड्याळ न्या कारण मोबाईल नसतो. आपली करकर वाजणारी कोल्हापुरी घालून जाऊ नका, पहाटे साडेचारला त्या शांततेत तुमच्या एकट्याच्या चपला ऐकायला येतात आणि अख्खी लाईन मान न वळवता तुम्हाला ओळखते, साधी रबरी स्लीपर बेस्ट. धंदेवाल्यांनी गिऱ्हाइकांना आधी सांगून जावा, दुकानाच्या शटरवर बोर्ड लावा. आणि अकराव्या दिवशी सकाळी सुटल्यावर हातकणंगल्यातच गाडी थांबवून कटाची मिसळ हाणायची लै इच्छा होईल, एक दिवस दम धरा, पोट तेवढं तयार नसतंय.